फोटोत हात नव्हते

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, बाजाराच्या दिवशी दुपारी, विनायक दरेकर यांनी काष्टीतल्या आपल्या घरात भिंतीवरचा एक फोटो उतरवला आणि पायरीच्या कडेवर आपटून त्याची काच फोडली. फोटोला ताजा हार होता. खाली त्यांच्या आईचं नाव छापलेलं होतं. त्यांच्या आईचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता.

त्या वेळी घरात आणखी तिघं होती. दरेकरांची थोरली बहीण अक्का, पुतण्या सचिन आणि मी. कुणाला काच लागली नाही. दरेकर आता हयात नाहीत. गावात या प्रसंगाची हकिगत सांगतात ती म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं अशी. ती खरी नाही.

दरेकर नगरच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. मी तिथे बातमीदार होतो. त्यांचं टेबल जिन्याजवळ होतं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरून जावं लागे आणि बहुतेकांना तिथे थांबवलं जाई. बातमीत 'असे समजते' दिसलं की ते मान वर न करता विचारायचे, "कुणी पाहिलंय?" उत्तर आलं नाही तर त्या वाक्याभोवती लाल गोल पडायचा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या वाक्यांत लिहा, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती रोज करावी लागते याचा त्यांना रोज नव्याने राग येई.

राग आला की ते ओरडत नसत. लाल पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवत आणि समोरच्याकडे बघत बसत. टोपणाचा टक असा आवाज झाला की संपादकसुद्धा केबिनचं दार ओढून घ्यायचे.

चूक खोडायला त्यांची मनाई होती. चुकीवर बारीक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. नवीन आलेल्या एका उपसंपादकाने पांढरी शाई आणली होती. दरेकरांनी ती बाटली त्याच्यासमोर खिडकीतून खाली टाकली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

एकदा श्रद्धांजलीच्या जाहिरातीत फोटोंची अदलाबदल झाली. वारलेल्या माणसाच्या नावाखाली त्याच्या जिवंत व्याह्याचा फोटो छापला गेला. चूक जाहिरात विभागाची होती. ते पान दरेकरांनी वाचलेलंही नव्हतं. तरी ते त्याच सकाळी सायकलवर दोन्ही घरी जाऊन आले. एका घरात त्यांना शिव्या मिळाल्या. दुसऱ्या घरात, म्हणजे जिवंत माणसाच्या घरात, चहा मिळाला आणि तो म्हणाला, "मेल्यावर एवढी मोठी जाहिरात आमची पोरं देणार न्हाईत, बरं झालं आताच आली." ऑफिसात हा विनोद बरेच दिवस चालला. दरेकर हसले नाहीत. ते म्हणाले, "अक्षर चुकलं तर खुलासा छापता येतो. तोंड चुकलं तर काय छापणार? लोकांनी ते तोंड बघितलं. आता ते डोळ्यांतून काढणार कसं?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी चित्रकला शिकायला सुरुवात केली. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं, नगरलाच सावेडीत भाड्याच्या दोन खोल्या होत्या. लोकांना वाटलं, वेळ जात नसेल. पहिल्यांदा त्यांनी एका हौशी लोकांच्या वर्गात नाव घातलं. रविवारी सकाळी वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी डोंगर, झोपडी आणि सूर्य असलेलं एक चित्र समोर ठेवलं आणि बघून काढा म्हणाल्या. दरेकरांनी विचारलं, हा डोंगर कुठला. बाई म्हणाल्या, कुठलाही. दरेकरांनी पेन्सिल खिशात ठेवली. पेन्सिलीला टोपण नसतं, एवढाच फरक.

पुढचं शिक्षण त्यांनी मोबाईलवरचे धडे बघून स्वतःच केलं. त्यातले सराव त्यांना पटले, कारण त्यात सुंदर काही नव्हतं. कागदावर दोन ठिपके द्यायचे आणि एका दमात त्यांना जोडणारी रेघ काढायची. रेघ ठिपक्याच्या पुढे गेली किंवा अलीकडे थांबली तर ती तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायची. मग दोन रेघांच्या मधे लंबगोल, दोन्ही रेघांना टेकणारे, एकाला एक लागून. मग खोकी, वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलेली. हात मनगटातून हलवायचा नाही, खांद्यापासून हलवायचा. हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की टेबलाशी बसून जमेना म्हणून भिंतीवर कागद लावून ते उभ्याने रेघा मारायचे. समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटलं, हे रोज सकाळी भिंत पुसतात. त्यांनी आपल्या नवऱ्याला त्यावरून टोमणे मारले, असं पुढे कळलं.

कागद युनूसभाई आणून देत. युनूसभाई आमच्या छपाई यंत्रावरचे जुने फोरमन. रिळाच्या शेवटी उरलेला कोरा कागद ते गुंडाळी करून सायकलला बांधून आणायचे. रविवारी दरेकरांकडे चहाला युनूसभाई आणि मी असे दोघे असायचो. मीही थोडी पेन्सिल चालवायचो. माझे लंबगोल बटाट्यासारखे येतात असं दरेकरांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"दरेकर साब," युनूसभाई म्हणायचे, "एवढ्या रेघा मारल्या, आता एखादा गणपती तरी काढा. निदान माजा फोटो काढा. दाढी घातली का अर्धा चेहरा वाचतो तुमचा."

गणपती कधी, निसर्गचित्र कधी, प्रदर्शन कधी, हे प्रश्न त्यांना भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा आणि प्रत्येक वेळी त्यांचा जबडा आवळला जायचा. भाजीवाल्याशीही त्यांचं यावरून बिनसलं.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं. दरेकर अंगावर पीत होते तेव्हा त्यांची आई गेली. बाळंतपणानंतरचं दुखणं, एवढंच माहीत. वडलांचा एक फोटो होता, सोसायटीच्या ओळखपत्रावरचा. आईचा नव्हता. थोरले भाऊ गेले. गावातली त्या वयाची माणसं गेली. आईला पाहिलेलं आणि आठवणारं आता एकच माणूस उरलं होतं, अक्का. आई गेली तेव्हा अक्का परकरात होती. तिनेच पुढे दोन्ही भावांना वाढवलं, लग्न होऊन गेली, विधवा होऊन परत आली आणि काष्टीच्या घरातच राहिली.

"एक साक्षीदार," दरेकर म्हणाले. "वय सत्तरच्या पुढे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तिच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरवायचंय. त्यासाठी हात लागतो. माझ्याकडे हात नाही. म्हणून रेघा."

त्यानंतर गणपतीचा विषय युनूसभाईंनी काढला नाही.

काष्टीला ते बाजाराच्या दिवशी एसटीने जायचे. मला बाजाराची बातमी असली की मीही बरोबर असे. बैलांच्या आणि शेळ्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही घरी पोचायचो तेव्हा अक्का पायरीवर बसलेली असायची. पातळाचा पदर कानामागे खोचलेला, जाड काचेचा चष्मा, गालावर चामखीळ. दरेकर तिच्यासमोर बसून कागद उलगडायचे.

त्यांची पद्धत त्यांनी स्वतः बसवली होती. अक्काला कधीही विचारायचं नाही की आईचं नाक सरळ होतं का. असं विचारलं की ती हो म्हणणार. त्याऐवजी एका कागदावर नाकंच नाकं काढून न्यायची. बसकी, सरळ, टोकाला गोल, एका बाजूला कललेली. मग कागद पुढे करून गप्प बसायचं.

पहिल्या वेळी अक्का बराच वेळ हसत राहिली. "आरं इनू, एवढी नाकं कुणाची कापून आनलीस?" मग ती एकेक ओळखू लागली. हे पाटलाच्या म्हातारीचं. हे आपल्या गुरवाचं, तंबाखू ओढायचा तो. हे कुणाचंच न्हाई, असलं नाक मानसाला नसतं. हळूहळू तिचं बोट मंदावलं आणि एका नाकावर थांबलं. थोडं रुंद, डावीकडे कललेलं. "ह्याच्या जवळ जातं. पर नथीचं भोक खाली वघळलेलं हुतं. नथ जड हुती, सासूची."

पुढच्या वेळी दरेकर त्या एका नाकाचे अनेक प्रकार काढून घेऊन गेले. मग कपाळं. मग कान. मग हनुवट्या. कधी अक्काला काही आठवायचं नाही, ती वैतागायची आणि शेजारणीला हाक मारून गप्पा मारत बसायची. दरेकर थांबायचे. अक्का हा एकच माणूस होता ज्याच्यासाठी त्यांना राग न येता थांबता यायचं.

पण तोंड जोडायला ते तयार नव्हते. सगळे तुकडे हाती आले होते तरी नाही. हात अजून तयार नाही, म्हणायचे. लंबगोल अजून रेघेला टेकत नाहीत, डोळा हा लंबगोलच आहे, तिथेच माणूस चुकतो. मी म्हणालो, अक्काचं वय झालंय, आहे तसं एकदा काढून बघा. त्यांनी माझ्याकडे संपादकाकडे बघायचे तसं पाहिलं.

"कच्ची कॉपी छापायला सोडू? एकदा माझं चुकलेलं तोंड तिने पाहिलं की तिच्या डोक्यातलं जाईल. मग मी कुणाला विचारू?"

ही भीती त्यांनी बोलून दाखवली होती. पुढे जे झालं ते अगदी याच वाक्यासारखं झालं, फक्त चुकलेलं तोंड त्यांनी काढलेलं नव्हतं.

सचिनचं काष्टीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दहावी पास, बैलाचा सत्कार, सगळं तो छापतो. मनाने चांगला, हाताला वेगवान. त्या मे महिन्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या फ्लेक्सवर वरच्या बाजूला घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो गोलात लावतात. ज्याचा फोटो नसेल त्याच्या गोलात समई छापतात. दरेकरांच्या आईच्या नावावर आजवर प्रत्येक कार्यात समई आलेली होती.

या वेळी सचिनला ते बरं वाटलं नाही. वरपक्ष मोठा होता. त्याने अक्काचा एक फोटो मोबाईलमध्ये घातला आणि मोबाईलला सांगितलं की वय कमी कर, नऊवारी नेसव, कुंकू मोठं कर. एका चहाच्या वेळात बाई तयार झाली. गोरी, तुकतुकीत, नाक सरळ, ओठांवर मालिकेतल्या सुनेसारखं हसू. सचिनने ती फ्लेक्सवर लावली. लग्नात पाहुण्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, आजी काय देखण्या होत्या हो. ज्यांचा जन्म त्या बाईच्या मरणानंतर झाला होता त्यांनीही हेच म्हटलं. दोन चुलत घरांनी तो फोटो मोबाईलवर मागून घेतला आणि आपापल्या देव्हाऱ्याशेजारी लावला. एकानेही विचारलं नाही की हा आला कुठून.

दरेकरांनी मांडवाच्या दारात उभं राहून फ्लेक्स पाहिला. अक्षता टाकल्या, नवरीच्या हातात पाकीट दिलं आणि जेवायला न बसता एसटी पकडली. लग्न झालं की फ्लेक्स उतरतो, असा त्यांचा हिशेब होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते काष्टीला गेले. मी बरोबर होतो. पिशवीत नाकांचा कागद होता. जुना नाही, नव्याने काढलेला. अक्काने पूर्वी निवडलेलं नाक इतरांच्या मधे ठेवलेलं, आणि कडेला एक सरळ नाक. त्यांनी नेहमीसारखा कागद पुढे केला आणि गप्प बसले.

अक्काने वेळ घेतला नाही. सरळ नाकावर बोट ठेवलं. "ही. फोटूत हाय तशी."

दरेकरांनी कपाळांचा कागद काढला. अक्काने फोटोतलं कपाळ निवडलं. हनुवटी, फोटोतली. कान दिसतच नव्हते, फोटोत ते केसांखाली होते. अक्का म्हणाली, "कान झाकल्याले असायचे तिचे." पूर्वी तिने कानांच्या पाळ्या लांब होत्या, भोकं मोठी होती, मी त्यात बोट घालायचे, असं सांगितलं होतं. ते तिने माझ्यासमोर सांगितलं होतं. आता ती खोटं बोलत नव्हती. तिला आता हेच आठवत होतं.

तिने बोट वर करून दाखवलं तेव्हा भिंतीवरचा फोटो आमच्या लक्षात आला. फ्लेक्स उतरला होता. त्यातली बाई चौकटीत बसवून घरात लावली होती.

दरेकर उठले, फोटो उतरवला, पायरीपर्यंत आले. मग काच फुटली.

आवाज ऐकून सचिन मागच्या खोलीतून धावत आला. आधी त्याला समजेना, मग समजलं. "तात्या, लग्नात समद्यांनी हात जोडले ह्या फोटूला. तुमालाच एकट्याला काय झालं?"

"हिला कुणी पाहिलंय?" दरेकर म्हणाले.

"तुमी तरी कुठं पाहिलंय?"

सचिनचा आवाज वाढला. "इतकी वर्सं नुसत्या रेघा मारताय तुमी. नाकं काय, कान काय. म्हातारीला डोळं मिटायच्या आधी आईचं तोंड बघायचं हुतं. तुमी दाखवलं का? मी दाखवलं. रडली ती, इचारा तिला."

दरेकरांनी अक्काकडे पाहिलं. ती पायरीवरून हाराची फुलं वेचत होती.

"दिवा लावत हुते मी रोज," ती म्हणाली. "बरं वाटत हुतं, इनू. हार तरी आदी काढून ठिवायचास." थोड्या वेळाने तिने मान वर केली. "तुला काय ठावं ती कशी हुती. तू तर अंगावर पीत हुतास."

दरेकरांनी पिशवी उचलली. कागद तिथेच राहिले. नगरला माळीवाड्याच्या स्थानकात उतरल्यावर ते म्हणाले, "साक्षीदार फोडला," आणि निघून गेले.

त्यानंतरचे महिने त्यांच्यासोबत बसणं अवघड होतं. त्यांना सगळ्यांचा राग होता. मोबाईलचा, फ्लेक्सचा, देखणी म्हणणाऱ्या पाहुण्यांचा. सचिनचा सगळ्यात जास्त, कारण त्याने वाईट हेतूने काही केलेलं नव्हतं आणि त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नव्हतं. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर चौकट देता येते. इथे चौकट द्यायला पानच नव्हतं. चुलत घरांपैकी एकाने तर चतुर्थीला त्या फोटोसमोर नैवेद्य ठेवलेला फोटो काढून दरेकरांनाच पाठवला, खाली जोडलेले हात. दरेकरांनी तो मला दाखवला आणि मोबाईल उपडा ठेवला.

एका रविवारी त्यांनी हेच सगळं पुन्हा काढलं तेव्हा युनूसभाईंनी कप खाली ठेवला.

"दरेकर साब, राग येईल तुमाला. पर उमरभर आम्हाला सांगितलं, चूक खोडायची न्हाई, बाजूला बरोबर लिवायचं. अन् तिथं जाऊन काच फोडली. बरोबर कुठं लिवलं तुमी?"

मला वाटलं युनूसभाईंना ते बाहेर काढतील. दरेकर उठून भिंतीपाशी गेले. मे महिन्यापासून भिंतीवर तोच कागद होता. त्यांनी नवा लावला, दोन ठिपके दिले आणि रेघ काढली. ती ठिपक्याच्या पुढे गेली. त्यांनी शेजारी दुसरी काढली. आम्ही निघालो तेव्हा ते रेघाच काढत होते.

पितृपक्षात अक्काचा निरोप आला. सचिनने फोनवर तिचेच शब्द सांगितले. "भांडान भिंतीसंगं हाय का माज्यासंगं, इचार म्हणाली."

दरेकर गेले. मला त्यांनी बरोबर घेतलं, बहुधा आपल्याला पुन्हा राग आला तर कुणीतरी असावं म्हणून. फोटो भिंतीवर होता. अक्कानेच नवी काच बसवून घेतली होती. दरेकरांनी त्याच्याकडे पाहिलं, आत गेले आणि चुलीपाशी, फोटोकडे पाठ करून बसले. घरात गॅस आहे, पण बाजरीची भाकरी अक्का चुलीवरच करायची. ती पीठ मळत होती. दरेकर तिचे हात बघत होते.

त्या वेळी त्यांनी आपला नियम मोडला आणि सरळ प्रश्न विचारला. "आई अशीच थापायची का?"

"न्हाई, न्हाई," अक्का लगेच म्हणाली. "आई डावरी हुती."

दरेकरांनी हे कधी ऐकलं नव्हतं. नाकांचे, कानांचे कागद घेऊन जाणाऱ्या माणसाने हातांबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

अक्का बोलत राहिली. सासू तिला देवाच्या नैवेद्याची भाकरी करू देत नसे, डाव्या हातची देवाला चालत नाही म्हणून. ती नैवेद्य सोडून बाकी सगळ्या घराच्या भाकरी थापायची. करंगळी वाकडी होती, माहेरी मोटेच्या दोरात सापडलेली, शेवटच्या पेरातून आत वळलेली. ती भाकरीला टेकायची नाही. म्हणून भाकरीच्या कडेला चार बोटांचेच ठसे उठायचे. आणि मग अक्काने परातीतला गोळा आपल्या डाव्या हाताखाली घेतला आणि उजव्याने कड फिरवत थापायला लागली. पहिल्यांदा हात अडखळला. ती स्वतः उजवी होती, जन्मभर उजव्याने थापलेलं. मग हाताला ताल सापडला. करंगळी आपोआप वर उचलली गेली.

फोटोतल्या बाईला खांद्याखाली काही नव्हतं. गोलात तेवढंच मावतं.

दरेकरांनी मला पिशवीतून कागद द्यायला सांगितलं. तो त्यांनी चुलीशेजारच्या भिंतीवर लावला, उभे राहिले आणि खांद्यापासून हात हलवत काढायला लागले. अक्काने एक भाकरी तव्यावर टाकली, दुसरा गोळा घेतला, पुन्हा डाव्या हाताने. मधेच वर बघून म्हणायची, अंगठा आत. करंगळी आनिक वाकडी. मनगट बारीक हुतं, बांगडी कोपरापर्यंत सरकायची. दरेकरांनी काहीही खोडलं नाही. चुकलेली करंगळी तशीच ठेवून शेजारी दुसरी काढली. ती अक्काने मान्य केली. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येणार नाही.

शेवटी अक्का हात पुसत उठली, चष्मा वर करून कागदाजवळ गेली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"भाकर जाड झाली," ती म्हणाली. "आई पातळ थापायची."

दरेकरांनी भाकरीची कड पुन्हा काढली, पातळ. हातांबद्दल अक्का काही बोलली नाही. नगरला परतताना दरेकर म्हणाले, "हात तिने पास केले." त्या वर्षी मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं राग नसलेलं हे एकच वाक्य.

कागद अक्काने तिथेच ठेवून घेतला. पिठाची खळ करून तो भिंतीला चिकटवला. तोंड काढायचा प्रयत्न दरेकरांनी त्यानंतर केला नाही. जुन्या निवडी त्यांच्याकडे होत्या, त्यांतून एक तोंड जोडता आलं असतं. मी तसं सुचवलं. ते म्हणाले, "विचारून घ्यायला आता कुणी नाही." रेघा आणि लंबगोल मात्र रोज चालू होते.

अक्का जानेवारीत गेली. दरेकर मार्चमध्ये गेले, नगरला, झोपेत. त्याआधी काष्टीत मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अक्काच्या दशक्रियेला. नदीवरचं आटोपून माणसं परतत होती. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता. मधोमध अक्काचा फोटो होता, जाड काचेचा चष्मा, गालावरची चामखीळ, कानामागे खोचलेला पदर. काहीही बदललेलं नव्हतं. फ्लेक्सखाली सचिन उभा होता, डोकं भादरलेलं.

"तात्या," तो म्हणाला, "काय चुकलं असंल तर बघा."

दरेकर थांबले. त्यांनी फ्लेक्स खालपासून वाचायला सुरुवात केली. शोकाकुल नावं, गाव, दिवस, अक्काचं नाव. मग वरची ओळ. पहिल्या गोलात त्यांच्या वडलांचा ओळखपत्रावरचा फोटो होता. दुसऱ्या गोलाखाली त्यांच्या आईचं नाव होतं. गोलात समई होती.

लाल पेन खिशातच राहिलं.